घाटात हलका झालेला कान: लेहहून परतलेल्या एका पेशंटची केस

"मॅडम, कसारा घाट चढताना कान जरा मोकळा झाल्यासारखा वाटला होता, घरी पोचलो आणि रात्रीतून परत गच्च."

हे वाक्य भाऊंनी सहज बोलता बोलता टाकलं, आणि खरं सांगते, पुढच्या सगळ्या तपासण्या आम्ही केल्या त्या याच वाक्याची खात्री करायला. मी नाशिकला एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करते, औषधं डॉक्टर देतात. ही केस लिहून काढतेय कारण विमानातून उतरल्यावर दडे बसलेले लोक दर सुट्टीनंतर येतातच, पण इतकी व्यवस्थित हकिगत सांगणारा पेशंट क्वचित मिळतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, कानाचे मात्र बदललेले नाहीत.

भाऊंचं वय चाळिशीच्या आसपास, द्राक्षांचा व्यवसाय, बीपीची एक गोळी चालू. जूनमध्ये मित्रांबरोबर लेहला गेले. मुंबई-दिल्ली-लेह जाताना कानाला काहीही झालं नाही. पँगाँग सरोवरापाशी रात्री थंडी बाधली, सर्दी झाली, आणि दोन दिवसांनी नाक पूर्ण चोंदलेलं असताना परतीचा प्रवास. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, त्यामुळे पहाटे तीनला उठलेले, विमानात बसल्या बसल्या डोळा लागला. टेकऑफ झाल्यावर थोड्याच वेळात उजव्या कानात दाब जाणवला पण झोपेत दुर्लक्ष केलं, दिल्ली यायच्या आधी मात्र कानात सुई खुपसल्यासारखं होऊन जाग आली. उतरल्यावर बहिरट वाटत होतं. मुंबईच्या विमानात वर जाताना कानात टक्क असा आवाज झाला आणि एकदम सुटल्यासारखं वाटलं, म्हणाले सुटलो, चहा पण घेतला. मुंबईत उतरताना पुन्हा तेच आणि आधीपेक्षा जास्त. बॅगा येईपर्यंत पट्ट्यापाशी उभं राहून नाक दाबून जोरजोरात फुंकलं, इतकं की दोन सेकंद गरगरलं आणि ट्रॉलीला धरावं लागलं. मग गाडीने नाशिक, वाटेत तो घाट.

घरी आल्यावर आईंनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. (आपल्याकडे कानाचं काहीही असो, पहिला मान तेलाला.) सोमवारी बड घालून तेल काढायचा प्रयत्न, मंगळवारी मेडिकलवाल्याने मळ सुटायचे थेंब दिले, बुधवारी आमच्याकडे.

आता ते घाटाचं वाक्य का महत्त्वाचं ते सांगते. कानाच्या पडद्यामागे एक छोटी हवेची खोली असते, मध्यकर्ण. तिला बाहेर उघडणारा रस्ता एकच, युस्टेशियन ट्यूब, मोठ्या माणसात साधारण ३५-३६ मिलिमीटर लांब, आणि ती उघडते नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात. एरवी मिटलेलीच असते, आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू ती क्षणभर ओढून उघडतात. विमान वर जाताना केबिनमधला दाब कमी होतो, खोलीतली हवा फुगते आणि स्वतःच ट्यूबमधून ढकलून बाहेर पडते, आपल्याला काही करावं लागत नाही. उतरताना उलटं, बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि हवा आत घ्यायची तर ट्यूब कुणीतरी उघडावी लागते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बघा, एका दिशेने सहज, दुसऱ्या दिशेने नाही, तसंच. आणि फरक साधारण ८०-९० मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे गेला की ट्यूबचं मऊ तोंड इतकं घट्ट चिकटतं की स्नायूंनाही ते उघडत नाही. कान लॉक होतो. सर्दीने ते तोंड आधीच सुजलेलं असेल तर आणखी लवकर.

म्हणजे लॉक झालेल्या कानात आतला दाब कमी, बाहेरचा जास्त. मुंबई समुद्रसपाटीला, इगतपुरी साधारण ६०० मीटरवर, तेवढं चढल्यावर बाहेरचा दाब सुमारे ५० मिलिमीटर पाऱ्याने उतरतो, म्हणजे आतबाहेरचा फरक तेवढा कमी होतो आणि पडद्यावरचा ताण सैल पडतो. मळ असता, पाणी गेलेलं असतं, नस दुखावलेली असती, तर घाटात काहीच फरक पडला नसता. भाऊंच्या घाटाने अर्धं निदान आमच्या आधीच करून ठेवलं होतं.

मग नाशिकही साधारण तेवढ्याच उंचीवर असताना घरी पुन्हा दडा का? बंद खोलीतली हवा आतलं अस्तर हळूहळू शोषून घेत राहतं, नवी येत नाही, दाब आणखी उतरतो, आणि शेवटी ती पोकळी भरायला अस्तरातून पाणी पाझरायला लागतं. पहिल्या दिवशी दाब असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी. भाऊ म्हणतच होते, "आता दुखत नाही मॅडम, पण डोकं हलवलं की आत बुडबुड होतं."

आणि लेहला जाताना का झालं नाही, हा त्यांचाच प्रश्न. याचं उत्तर मला फार आवडतं. नेहमीच्या विमानात केबिनचा दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असल्यासारखा ठेवलेला असतो. लेहचा विमानतळ आहे १०,६८२ फुटांवर, म्हणजे केबिनपेक्षा उंच! त्यामुळे तिथे उतरताना केबिनचा दाब वाढवायचा नसतो, उलट कमी करत लेहच्या हवेइतका आणायचा असतो. विमान खाली येतंय पण कानाच्या हिशेबाने आपण वर चाललोय, हवा आपोआप बाहेर. परत येताना याची वसुली होते. लेहमध्ये दाब साधारण ५१० मिलिमीटर पारा, कानातली हवा तेवढ्याच दाबाची, विमान वर चढायला लागलं की केबिन मात्र ८ हजारांकडे म्हणजे कानासाठी खाली यायला लागते (भाऊंना टेकऑफनंतरच दाब जाणवला तो हा), आणि तिथून दिल्लीच्या ७३०-७४० पर्यंत. एका झोपेत २०० च्या वर फरक, आणि लॉक व्हायला ९० पुरतात. त्यात सर्दी, त्यात झोप, कारण झोपेत माणूस आवंढे फारच कमी गिळतो. जागेपणी कदाचित निभावलं असतं, पण पहिलीच उतरण झोपेत गेली.

तपासणीत आधी तेल, थेंब आणि बडने आत लोटलेला मळ हे सगळं डॉक्टरांनी सक्शनने काढलं, त्यात दहा मिनिटं गेली. मग दुर्बिणीतून पडदा दिसला: आत ओढलेला, हातोडीच्या हाडाच्या कडेने लालसर रेघ, दोन-तीन बारीक रक्ताचे ठिपके, आणि पडद्यामागे पिवळसर पाण्याची पातळी, वर बुडबुडे. भोक नाही. हे भोक नसणं नशीब म्हणायचं, कारण असतं तर लसणाचं तेल थेट मध्यकर्णात गेलं असतं आणि साध्या दड्याचा वाहता कान झाला असता. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही तर लहानपणापासून घालतो." घातलं असेल, पडदा शाबूत होता म्हणून खपलं. शिवाय शाबूत पडद्यातून तेल पलीकडे जातच नाही, मग अडकलेल्या ट्यूबला ते काय करणार? दुखतं कानात पण कुलूप नाकामागे आहे.

रक्ताचे ठिपके ऐकून वहिनी घाबरल्या. त्यांना २०१८ च्या सप्टेंबरची बातमी आठवली, मुंबई-जयपूर विमानात केबिनचा दाब राखणारा स्विच चालू करायचा राहून गेला आणि १६६ प्रवाशांपैकी तीसेक जणांच्या नाका-कानातून रक्त आलं ती. तिथे अख्ख्या केबिनचाच दाब गडबडला होता. इथे केबिन ठीक होती, भाऊंची ट्यूब बंद होती. पडद्यातले असे ठिपके आपोआप जिरतात.

मग माझं काम. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्ये टेकवला आणि विचारलं आवाज कुठे येतो. भाऊ चक्रावले, "बंद कानात जास्त येतोय, हे कसं?" असंच व्हायला हवं. हाडातून जाणारा आवाज आतल्या नसेपर्यंत थेट पोचतो, आणि त्या कानात बाहेरचा गोंगाट शिरत नसल्याने तो तिकडे मोठा वाटतो. नसच दुखावली असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. हे घरी पण करता येतं, तोंड मिटून नुसतं हुंऽऽ करायचं. बंद कानात मोठा आला तर बहुतेक अडथळा वाटेतला आहे. चांगल्या कानात आला तर मात्र उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण नसेच्या अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले दिवस मोलाचे असतात, स्टेरॉईड जितकं लवकर तितकं बरं. हुंऽऽ ही काही पक्की तपासणी नाही, पण रात्री अकराला ट्यूनिंग फोर्क कुठून आणणार.

मला खरी काळजी त्या गरगरण्याची होती. नाक दाबून फुंकायची ही युक्ती व्हाल्साल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाची, १७०४ च्या त्याच्या कानावरच्या ग्रंथातली, आणि गंमत म्हणजे तिथे ती विमानासाठी अर्थातच नव्हती, कानातला पू बाहेर ढकलायला होती. हळू केली तर चांगली युक्ती आहे. पण लॉक झालेल्या कानावर पूर्ण ताकदीने फुंकलं तर डोक्यातला दाब वाढतो आणि तो दाब आतल्या कानाच्या नाजूक पडद्यावर बसून तो फाटू शकतो. मग चक्कर, कानात शिट्टी, कायमचं कमी ऐकू येणं, हे सगळं शक्य. भाऊंची चक्कर दोन सेकंदांत थांबली, पुन्हा आली नाही, आणि ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) हाडाची रेघ, म्हणजे हाडातून किती ऐकू येतं ती, दोन्ही कानांत नॉर्मल, साधारण १० डेसिबलवर आली तेव्हा मी श्वास सोडला. हवेची रेघ, म्हणजे नेहमीसारखं कानाच्या वाटेने किती ऐकू येतं ती, उजवीकडे ३५ वर. म्हणजे २५ डेसिबलचा फरक फक्त वाटेतल्या पाण्यामुळे. टिम्पॅनोमेट्रीचा, म्हणजे पडदा किती हलतो ते बघायच्या तपासणीचा ग्राफ सपाट, बी टाईप, पडदा हलतच नव्हता. डावा कान अगदी ठणठणीत.

नाकात बघितलं तर पडदा उजवीकडे वाकडा आणि आतलं मांस सुजलेलं. उजवाच कान का याचं उत्तर बहुतेक तिथेच.

औषधं अगदी थोडी. नाक मोकळं करणारा ऑक्सिमेटाझोलीनचा स्प्रे, दिवसातून दोनदा, पाच दिवस आणि एकही दिवस जास्त नाही. हा स्प्रे लोक महिनोन्‌महिने मारतात, मग स्प्रे सोडला की नाक आणखी चोंदतं म्हणून परत मारतात, असे पेशंट वेगळेच. नाक मोकळं करायच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन बीपीमुळे टाळलं, स्प्रेच्या काळातही बीपी बघत राहा असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टेरॉईडचा नाकातला स्प्रे महिनाभर, तो नाकाच्या सुजेसाठी, कानाच्या पाण्यावर त्याचा थेट फायदा मोठा नसतो हे डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं. वाफारा हवा तर, पण पातेल्यावर वाकून भाजून घेऊ नका. कानात काही म्हणजे काही नाही. अँटिबायोटिक पण नाही, आणि त्यावर भाऊ जरा नाराज झाले, एवढं लांबून आलो आणि गोळ्या नाहीत. हे पाणी जंतूंचं नाही, दाबाने पाझरलेलं आहे, ताप नाही, ठणका नाही, मग अँटिबायोटिक मारणार कुणाला?

व्यायाम म्हणून टॉयन्बीची पद्धत शिकवली: नाक चिमटीत धरायचं आणि पाण्याचा घोट गिळायचा. फुंकायचं नाही, त्यामुळे जोर लावायचा मोहच होत नाही. (हा टॉयन्बी लंडनचा कानाचा डॉक्टर, कानातल्या आवाजावर उपाय शोधताना १८६६ मध्ये स्वतःवरच क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्लाच्या वाफेचा प्रयोग करून गेला. त्याच्या घोटाने मात्र अजून कुणाला काही झालेलं ऐकलं नाही.) सर्दी ओसरल्यावर व्हाल्साल्व्हा पण चालेल, पण गाल फुगतील इतकंच, आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. सर्दी पिकलेली असताना फुंकायचं नाही, नाकातला शेंबूड कानात जातो.

बाराव्या दिवशी त्यांची दिल्लीला मिटिंग होती, तिकीट काढलेलं. कान पूर्ण पाण्याने भरलेला असेल तर उलट त्रास कमी होतो कारण दाबायला हवाच नसते, पण अर्धं पाणी अर्धी हवा अशा कानाला विमानात परत तेच भोगावं लागतं. आठव्या दिवशी ग्राफ अजून सपाटच. डॉक्टर म्हणाले नको. भाऊ पंजाब मेलने गेले, वर मला मेसेज, "मॅडम तुमच्यामुळे वीसेक तास बसलोय."

अठराव्या दिवशी बुडबुड थांबलेली, आवंढा गिळताना कानात टिकटिक ऐकू यायला लागलेली. ही टिकटिक म्हणजे ट्यूब उघडतेय, पेशंट घाबरून सांगतात आणि आम्ही खूश होतो. ग्राफ सी टाईप, शिखर उणे २२० वर, म्हणजे पाणी गेलं, दाब अजून कमी. हवेची रेघ २० डेसिबल. पाचव्या आठवड्यात ए टाईप, म्हणजे नॉर्मल, दोन्ही कान सारखे. बहुतेकांचं याहून कितीतरी लवकर, काही तासांत नाहीतर काही दिवसांत सुटतं, भाऊंना एवढे दिवस लागले ते पाणी साचल्यामुळे. नुसता दडा आठवडाभरात हलला नाही, किंवा कानातून रक्त-पाणी आलं, जोराचा ठणका लागला, चक्कर राहिली, शिट्टी सुरू झाली, तर वाट बघत बसायचं नाही.

पुढच्या प्रवासाचं आम्ही बसून ठरवलं. सर्दी असेल तर शक्यतो पुढे ढकलायचं. नाहीच ढकलता आलं तर उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी स्प्रे, आणि विमान खाली यायला लागलंय अशी घोषणा झाली की जागं राहायचं, शेजाऱ्याला सांगून ठेवायचं उठव म्हणून. केबिन मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फुटांनी खाली येते, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं काम. तेवढा वेळ लिमलेटची गोळी, चुइंगम, आवळा सुपारी, काहीही, आवंढा गिळत राहायचं, आणि दाब जाणवायच्या आधीपासून. लॉक झाल्यावर चघळून काही होत नाही. लहान बाळांना तेव्हाच दूध पाजायचं, त्यांची ट्यूब आखूड आणि आडवी असते. विमानात कुणीतरी गरम पाण्यात भिजवलेला टिश्यू कपात घालून कानाला लावायला देतं, त्याने ट्यूब उघडत नाही आणि गरम थेंब कानात गेला तर भाजतं ते वेगळं. कानात घालायचे फिल्टरवाले प्लग दाबाचा बदल सावकाश करतात एवढंच, ट्यूब बंद असेल तर तेही हात टेकतात.

पहिला प्रवास मुद्दाम बंगळुरूचा निवडला, ऑगस्टमध्ये. बंगळुरूचा विमानतळ साधारण ९१५ मीटरवर आहे, त्यामुळे उतरताना दाबाचा फरक मुंबईच्या मानाने बराच कमी. जाताना काहीच झालं नाही, फोन आला तेव्हा आवाजात विजय. मी म्हटलं भाऊ, परीक्षा येताना आहे, तिकडून मुंबईला समुद्रापर्यंत उतरायचंय. येतानाच्या विमानात त्यांनी अर्धी बाटली पाणी एकेक घोट नाक धरून संपवली, शेजारच्या काकूंनी विचारलं उचकी लागली का, आणि मग त्यांना पण हे सगळं समजावून सांगितलं, ट्यूब, लेह, कसारा घाट सकट. कान उघडा राहिला. पुढच्या जूनमध्ये परत लेहला जायचं म्हणतायत, या वेळी परतीचं तिकीट दोन दिवस सुटे ठेवून.